गाडी चालू, फोन बंद

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आजचा विषय गाडी चालवताना मोबाईल वापरण्याबद्दलचा कायदा हा आहे. एखादी म्हणेल, "आम्ही कुठे गाडी चालवतो? हा तर पुरुषांचा विषय." पण जरा मोजून पाहा. पंधरा वर्षांपूर्वी गावात किती बायका स्कूटी चालवत होत्या आणि आज किती चालवतात? आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षिका, गटाची सीआरपी, सगळ्या गाडीवर दिसतात. आणि ज्या चालवत नाहीत त्या मागे बसतात, काळी-पिवळीत बसतात, एस.टी.त बसतात, रोवणीला ट्रॅक्टरवर जातात. म्हणजे गाडीचे हँडल कोणाच्याही हातात असो, जीव आपला असतोच.

आणखी एक गोष्ट आहे. रस्त्यावर चालवणाऱ्याच्या खिशात जो फोन वाजतो, तो पुष्कळदा घरातून गेलेला असतो. "कुठपर्यंत आलात?", "येताना हिरवी मिरची आणा", "पोराला ताप आहे, लवकर या." म्हणजे या विषयाचे एक टोक रस्त्यावर आहे आणि दुसरे टोक आपल्या स्वयंपाकघरात आहे. म्हणून आज दोन्ही टोकांबद्दल बोलू.

चार सेकंदांत काय होते?

आधी साधा हिशेब. दुचाकी ताशी ४० किलोमीटरने जात असेल, तर ती एका सेकंदात साधारण ११ मीटर पुढे जाते. ताशी ६० ने जात असेल, तर साधारण १७ मीटर. फोन खिशातून काढायचा, कोणाचा आहे ते बघायचे, हिरवे बटण सरकवायचे, यात चार सेकंद सहज जातात. ६० च्या वेगात चार सेकंदांत गाडी जवळजवळ ६७ मीटर पुढे गेलेली असते. पाच-सहा एस.टी. बस एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी रांग होईल, तेवढे अंतर. तेवढा रस्ता चालवणाऱ्याने न बघता कापलेला असतो. त्या अंतरात गाय आडवी येऊ शकते, धानाचे पोते लादलेली सायकल असू शकते, शाळेतून सुटलेली पोरे असू शकतात.

रस्त्यावर एका क्षणाची किंमत किती असते हे गोंदिया जिल्ह्याला सांगायला नको. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी गोंदिया-कोहमारा रस्त्यावर, सडक अर्जुनी तालुक्यात डव्वा गावाजवळ शिवशाही बस उलटली आणि ११ प्रवाशांचा जीव गेला. समोर आलेल्या दुचाकीला वाचवताना बसचा ताबा सुटला, अशी माहिती तेव्हा पुढे आली. तो अपघात फोनमुळे झाला असे मी म्हणत नाही. पण समोर काही अचानक आले, तर सावरायला हातात एक-दोन सेकंदच असतात, हे त्यातून कळते. ते सेकंद फोन खाऊन टाकतो.

काही जण म्हणतात, "आम्ही फोन हातात धरत नाही. हेल्मेटात खोचतो, स्कार्फमध्ये अडकवतो, कानात इअरफोन घालतो. डोळे रस्त्यावरच असतात." यावर आपला घरचाच दाखला घ्या. चुलीवर किंवा गॅसवर दूध ठेवलेले असते. माहेरहून फोन येतो. आपण दुधासमोरच उभ्या असतो, डोळे दुधाकडेच असतात, तरी दूध उतू जाते. का? कारण डोळे तिथे असले तरी मन माहेरी गेलेले असते. रस्त्यावरही असेच होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याचा अपघात होण्याचा धोका सुमारे चार पट वाढतो. आणि हात मोकळे ठेवून बोलल्याने हा धोका फारसा कमी होत नाही.

मग मागे बसलेल्या माणसाशी बोललेले चालते का? त्यात फरक आहे. मागे बसलेलीलाही रस्ता दिसतो. समोर ट्रक आला की ती आपोआप गप्प होते, "सांभाळून" म्हणते. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही. तो बोलतच राहतो.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात मोटार वाहन कायदा आहे तो १९८८ सालचा. तेव्हा मोबाईल नव्हते, त्यामुळे कायद्यात मोबाईलचा शब्दही नव्हता. पुढे मोबाईल आले आणि अडचण सुरू झाली. २०१८ साली केरळ उच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न आला होता. गाडी चालवताना नुसता फोनवर बोलला, म्हणून केरळच्या पोलीस कायद्याखाली गुन्हा धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले, कारण त्या कायद्यात तसे स्पष्ट लिहिलेले नव्हते. गोष्ट धोक्याची असली तरी शिक्षा द्यायची तर ती कायद्यात लिहिलेली असावी लागते.

२०१९ साली संसदेने मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती केली. १ सप्टेंबर २०१९ पासून त्यातली बरीच कलमे लागू झाली. त्यातले आपल्या कामाचे कलम १८४, धोकादायक रीतीने गाडी चालवण्याचे. धोकादायक म्हणजे काय, हे आता त्यात स्पष्ट लिहिले आहे. लाल दिवा तोडणे, उलट्या दिशेने गाडी घालणे, चुकीच्या रीतीने पुढे काढणे, आणि यांच्याच जोडीला गाडी चालवताना हातात धरून वापरायचे संपर्काचे साधन वापरणे. म्हणजे मोबाईल.

याची शिक्षा ऐका. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

प्रत्यक्षात प्रत्येक जण कोर्टात जात नाही. ठरलेली रक्कम भरली की प्रकरण तिथेच मिटते, तिला तडजोड शुल्क म्हणतात. ही रक्कम राज्य सरकार ठरवते. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून नवे दर लागू झाले. गाडी चालवताना मोबाईल वापरला तर दुचाकीला १,००० रुपये आणि चारचाकीला २,००० रुपये. दुसऱ्यांदा सापडले तर १०,०००. रोवणीची रोजी डोळ्यांसमोर आणा आणि एका फोनला किती दिवसांची मजुरी जाते ते तुम्हीच मोजा.

पण मला वाटते दंडापेक्षा मोठी गोष्ट लायसन्सची आहे. कलम १८४ खाली सापडलेल्या माणसाचे लायसन्स पोलीस जप्त करून आर.टी.ओ.कडे पाठवू शकतात. त्याचे म्हणणे ऐकून घेऊन आर.टी.ओ. ते तीन महिन्यांसाठी बंद करू शकते. याला सर्वोच्च न्यायालयाचेही पाठबळ आहे. तमिळनाडूतल्या कोइम्बतूरचे हाडांचे डॉक्टर एस. राजशेखरन यांनी रस्ते अपघातांबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्यावर २०१४ साली न्यायालयाने रस्ता सुरक्षेसाठी समिती नेमली. त्या समितीने २०१५ साली सगळ्या राज्यांना सांगितले की, गाडी चालवताना मोबाईल वापरणाऱ्याचे लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. ज्या घरात ऑटो, पिकअप किंवा काळी-पिवळीवर चूल पेटते, तिथे तीन महिने लायसन्स नसणे म्हणजे काय, हे त्या घरच्या बाईला चांगले माहीत असते.

नकाशा पाहिला तर?

हा प्रश्न नेहमी येतो. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्र सरकारचा नियम असा आहे की, गाडी चालवताना मोबाईलसारखे साधन फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येईल, आणि तेही चालवणाऱ्याचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे फोन स्टँडला लावा, पत्ता निघण्याआधीच टाका आणि आवाजावर चला. चालत्या गाडीवर बोटाने नकाशा सरकवत बसणे या सवलतीत बसत नाही. व्हॉट्सॲप, रील आणि व्हिडिओ कॉल तर मुळीच नाही.

इअरफोनचे काय? कायद्यातला शब्द "हातात धरून वापरायचे साधन" असा आहे. त्यामुळे कानातल्या इअरफोनवरून वाद होतो. पण त्याच कलमात असेही म्हटले आहे की, जाणत्या आणि काळजी घेणाऱ्या चालकाकडून जी अपेक्षा असते, तिच्यापेक्षा फार खालच्या दर्जाने आणि उघड धोका होईल असे गाडी चालवणे, हाही गुन्हाच आहे. आणि कायद्याच्या शब्दांत पळवाट सापडली तरी रस्त्यावर ती कामाची नसते. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात शाळेच्या मुलांची गाडी फाटक नसलेल्या रेल्वे रुळावर गेली आणि आगगाडीने तिला धडक दिली. १३ मुले गेली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असे सुरुवातीच्या माहितीत पुढे आले. आगगाडीची शिटी जर ऐकू येत नसेल, तर ट्रकचा हॉर्न काय ऐकू येणार? आपल्या मुलांना शाळेत नेणाऱ्या गाडीचा चालक कानात काही घालतो का, हे बघणे आईचे काम आहे. त्याला विचारायला लाजू नका.

मागे बसणारीचे काय?

आता आपल्या बायकांच्या जागेवर येऊ. दुचाकीवर आपण बहुतेक मागे असतो. एका बाजूला पाय सोडून, मांडीवर लेकरू, हातात पिशवी. पुढच्याने फोन घेतला की त्याचा एक हात हँडलवरून जातो. खड्डा आला की तो हँडल धरून वाचतो, मागची पडते.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यात आपल्या महाराष्ट्रातली १५,२२४ होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक मेले, आणि त्यांतले १४,३३७ जण मागे बसलेले होते. म्हणून कायदा सांगतो की मागे बसणारीनेही हेल्मेट घालावे. गाडीला मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि साडी किंवा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला जाळी असलीच पाहिजे, हाही केंद्राचा नियम आहे. नव्या गाडीची जाळी "दिसायला बरी नाही" म्हणून मुले काढून टाकतात. ती परत बसवून घ्या.

आणि विम्याची एक गोष्ट नीट ऐका, कारण ही फार कमी बायकांना माहीत असते. दुचाकीला "थर्ड पार्टी" विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीने रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचे नुकसान केले, तर विमा कंपनी भरपाई देते. पण मागे बसलेली बायको या "दुसऱ्या माणसात" येते का? सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालच्या एका निकालात सांगितले की, नुसता सक्तीचा विमा असेल तर दुचाकीवर मागे बसणाऱ्याची जबाबदारी त्यात आपोआप येत नाही. म्हणजे नवऱ्याने फोनवर बोलता बोलता गाडी पाडली, मागच्या बाईचा पाय मोडला, आणि गाडीला फक्त सक्तीचा विमा असला, तर त्या कंपनीकडून तिला काही न मिळण्याची शक्यता मोठी असते. म्हणून विमा काढताना एकच प्रश्न विचारा: "मागे बसणारीचा विमा यात आहे का?" नसेल तर थोडे जास्त पैसे भरून तो जोडून घ्या.

ट्रॅक्टरचेही असेच आहे. रोवणीच्या दिवसांत ट्रॉलीत दाटीवाटीने बसून बायका जातात. ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नसते, हे कायद्याने स्पष्ट आहे. त्यामुळे ट्रॉलीतल्या बाईला काही झाले तर विमा कंपनी हात वर करू शकते. शक्य तिथे दुसरी सोय मागा. मजुरी ठरवताना येण्याजाण्याची सोयही ठरवा. आणि ट्रॅक्टर चालवणारा पोरगा मोठ्याने गाणी लावून, एका हाताने फोन कानाला धरून बांधाच्या वळणावरून ट्रॅक्टर घालत असेल, तर सगळ्या जणींनी एका आवाजात "थांब" म्हणा. एकटीचे तो ऐकणार नाही, पण पंधरा जणी खाली उतरल्या तर ऐकावेच लागेल.

गाडी कोणाच्या नावावर?

आता पुष्कळ गाड्या बायकांच्या नावावर असतात. गटाच्या कर्जातून घेतलेली स्कूटी असते, माहेरून मिळालेली असते. चांगली गोष्ट आहे. पण गाडी तुमच्या नावावर असली की ई-चलनही तुमच्याच नावाने येते, मग गाडी दिराने चालवलेली असो की भाच्याने. म्हणून आर.टी.ओ.कडे तुमचा चालू मोबाईल नंबर नोंदवून ठेवा, म्हणजे दंड झाला तर कळेल.

इथे सावध राहायचे. "तुमचे चलन बाकी आहे, ही फाईल उघडा" असे खोटे संदेश व्हॉट्सॲपवर येतात. फाईल उघडली की फोनचा ताबा चोराकडे जातो आणि बँकेतले पैसे जातात. अशी फाईल कधीच उघडू नका. चलन खरे आहे का ते सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून किंवा पोलीस ठाण्यात विचारून बघा. रस्त्यावर पैसे भरले तर पावती घ्या. लायसन्स आणि गाडीची कागदपत्रे डिजीलॉकरमध्ये दाखवली तरी चालतात.

आणि मुलांची गोष्ट. लायसन्स नसलेल्याच्या हातात आपली गाडी दिली, तर मालकाला ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर कलम १९९अ लागते. त्यात पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. नववीतला मुलगा एका हातात फोन धरून बाजारात जातो, याचे कौतुक नको. "माझा पोरगा एका हाताने चालवतो" असे कोणी सांगितले, तर तिला हे कलम सांगा.

कोणाचा जीव गेला तर मामला आणखी मोठा होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. जुन्या कायद्यात ही शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती.

प्रवासी म्हणून आपण काय करू शकतो?

पैसे देऊन बसलो म्हणजे आपल्याला बोलायचा हक्क आहे. एस.टी. महामंडळाने २०२३ साली परिपत्रक काढून चालकांना बस चालवताना मोबाईल वापरायला मनाई केली. मार्च २०२५ मध्ये दादरहून स्वारगेटला जाणाऱ्या ई-शिवनेरी बसचा चालक गाडी चालवताना मोबाईलवर क्रिकेटचा सामना बघत होता. बसमधल्या एका प्रवाशाने त्याचे चित्रीकरण करून थेट परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांच्याकडे पाठवले. बस खाजगी कंपनीची, भाड्याने घेतलेली होती. त्या चालकाला कामावरून काढले आणि कंपनीला ५,००० रुपये दंड झाला. एका प्रवाशाने तक्रार केली आणि कारवाई झाली.

आधी मात्र शांतपणे सांगावे. "भाऊ, गाडी बाजूला लावा, बोलून घ्या, आम्ही पाच मिनिटे थांबतो." बहुतेक चालक ऐकतात, कारण त्यांनाही घर आहे. ऐकले नाही तर बसचा नंबर, वेळ आणि ठिकाण लिहून घ्या आणि आगारात तक्रार द्या. धोका दिसत असेल तर ११२ ला फोन करा. चालत्या गाडीत चालकाशी भांडू मात्र नका, त्याने धोका वाढतो.

अपघात झालाच तर?

१०८ ला फोन करा, रुग्णवाहिका येते. जखमीला मदत करायला घाबरू नका. कायद्यातले कलम १३४अ चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला संरक्षण देते. मदत करणाऱ्यावर खटला होत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही पोलीस करू शकत नाहीत. २०२५ पासून केंद्र सरकारची योजनाही आहे, तिच्यात रस्ते अपघातातल्या जखमीवर पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार ठरलेल्या रुग्णालयांत पैसे न भरता होतो.

भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा असतो. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे, म्हणून तेराव्यानंतर बघू, पुढच्या हंगामानंतर बघू असे करू नका. पोलिसांचा पंचनामा, दवाखान्याचे कागद, बिले, सगळे एका पिशवीत जपून ठेवा. धडक देऊन गाडी पळून गेली आणि तिचा पत्ता लागला नाही, तरी मृत्यू झाला असल्यास २ लाख आणि गंभीर जखम असल्यास ५०,००० रुपये मिळायची तरतूद आहे. वकिलाची फी परवडत नाही? स्त्रियांना त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. गोंदियाला जिल्हा न्यायालयात हे कार्यालय आहे. फोनवर विचारायचे असेल तर नंबर १५१००.

घरातून जाणारा फोन

शेवटी दुसऱ्या टोकाकडे येऊ. कायदा फोन उचलणाऱ्याला पकडतो, फोन करणारीला नाही. पण उचलणारा उचलतो का? कारण त्याला वाटते, घरून आहे, काही बरेवाईट असेल. दोनदा वाजला, तीनदा वाजला, की हात खिशाकडे जातोच. म्हणून फोन लागल्यावर आपला पहिला प्रश्न "कुठे आहात?" नको. पहिला प्रश्न "गाडी चालवत आहात का?" आणि "हो" म्हणाले की आपणच म्हणायचे, "मग ठेवते, थांबल्यावर करा." भाजी काय आणायची ते निघण्याआधी सांगायचे किंवा चिठ्ठीवर लिहून द्यायचे. एकदा वाजवून उचलला नाही, तर पुन्हा पुन्हा वाजवायचे नाही. "उचलत का नाही?" म्हणून घरी आल्यावर भांडायचे नाही. गाडीवर फोन न उचलणारा माणूस आपली काळजीच घेत असतो.

चालवणारीनेही तेच करावे. निघताना फोन आवाज बंद करून पर्सच्या तळाशी. फारच गरजेचा फोन यायचा असेल, तर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर, मोकळ्या जागी उभी करा, इंजिन बंद करा आणि मग बोला. महामार्गाच्या कडेला, वळणावर किंवा पुलावर थांबू नका.

पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत चार ओळींचा ठराव लिहा. पहिली, गटाच्या कामासाठी कोणत्याही सदस्येला गाडीवर असताना फोन करायचा नाही. दुसरी, ज्या गाडीचा चालक फोनवर बोलतो त्या गाडीतून गटाच्या बायका एकत्र मिळून थांबायला सांगतील. तिसरी, गटाच्या कर्जातून गाडी घेणारीने लायसन्स, हेल्मेट आणि मागे बसणाऱ्याचा विमा दाखवायचा. चौथी, अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात गाडीची किल्ली द्यायची नाही. सगळ्यांच्या सह्या घ्या, ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा घ्या. ग्रामसंघाच्या सभेत तोच ठराव मांडा. गावात शंभर घरांनी फोनवर आधी "गाडीवर आहात का?" विचारायची सवय लावली, तर तेवढे फोन रस्त्यावर वाजणारच नाहीत.

आजच्यापुरते एवढेच. काही शंका असेल तर आपल्या गटाच्या सीआरपीताईंकडे लिहून द्या.